बॉस्टनहून दोन तास गाडी चालवून मुलांना एरिक कार्ल संग्रहालय दाखवावे का?

आपण विचारले आहे की, बॉस्टनला बहिणीकडे आठवडाभर मुक्काम असताना चार आणि आठ वर्षांच्या मुलांना व सासूबाईंना घेऊन अ‍ॅमहर्स्ट गावचे एरिक कार्ल संग्रहालय (मुलांच्या चित्रपुस्तकांचे अमेरिकी लेखक-चित्रकार एरिक कार्ल यांनी उभारलेले) पाहायला जावे का, की तेथे ‘हात लावू नका’ ऐकूनच मुले कंटाळतील. माझे उत्तर ‘अवश्य जावे’ असे आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहा वर्षांच्या मुलीला आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आईला घेऊन गेलो होतो.

आपली शंका निम्मी खरी आहे. संग्रहालयाच्या तीन दालनांत चित्रपुस्तकांची मूळ चित्रे मांडलेली असतात आणि कागदावरचे रंग उजेडाने उडतात म्हणून तेथे प्रकाश मंद ठेवलेला असतो. त्या चित्रांना अर्थातच हात लावता येत नाही. हात चालवायची जागा म्हणजे तेथील कलेचा स्टुडिओ. तेथे त्या त्या वेळी ठरवलेले साहित्य टेबलांवर मांडलेले असते आणि लहानथोर कोणीही बसून काहीही करू शकते. मुले आधी तिकडेच ओढतील, तरी आधी दालन आणि मग स्टुडिओ हाच क्रम ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन.

त्याचे कारण कार्ल यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. ते पातळ टिश्यू कागद, म्हणजे जवळजवळ आपला पतंगाचा कागद, आधी रंगवून ठेवत. त्यासाठी ब्रश, बोटे, गालिच्याचा तुकडा, जे हाती येईल ते वापरत, आणि वाळलेल्या कागदाचे हवे तसे तुकडे कापून वॉलपेपरच्या खळीने ते एकावर एक चिकटवत. १९६९ साली निघालेले त्यांचे खादाड सुरवंटाचे पुस्तक माझ्या मुलीला तोंडपाठ होते; पण भिंतीवरचे मूळ चित्र जवळून पाहिल्यावरच तिच्या लक्षात आले की त्यांचा हिरवा रंग एक हिरवा नाही, त्यात ब्रशच्या केसांच्या रेघा आहेत, आणि दोन कागद जेथे एकमेकांवर चढले आहेत तेथे रंग गडद झाला आहे. छापील पानावर हे इतके स्पष्ट दिसत नाही. “म्हणजे हे कापून चिकटवलंय!” असे म्हणून ती जी उठली ती थेट स्टुडिओत गेली, आणि तेथे काय करायचे हे तिला कोणालाही विचारावे लागले नाही.

त्या दिवशी टेबलावर रंगीत टिश्यू आणि गोंद होता. कागद बोटांत धरताच आई म्हणाली, “अगं, हा तर आकाशकंदिलाचा कागद!” आणि तिने घड्या घालून, कात्रीने बारीक नक्षी कापून एक झिरमिळी तयार केली. शेजारची एक अनोळखी मुलगी आपले काम सोडून ते पाहत राहिली. त्यामुळे सासूबाईंची काळजी करू नका.

माझ्या हातून मात्र एक चूक झाली, ती आपल्याकडून होऊ नये म्हणून सांगतो. मुलीने नारिंगी नदी चिकटवली होती आणि मी सहज म्हणालो, “नदी निळी असते ना?” तिने मुकाट्याने नारिंगी पट्टी काढून निळी लावली. आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला असेच सांगत, तेच माझ्या तोंडून निघाले. नंतर वाचताना कळले की कार्ल यांचा जन्म १९२९ चा अमेरिकेतला असला तरी बालपण नाझी काळातल्या जर्मनीत गेले. तेथे त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांना बंदी असलेल्या आधुनिक चित्रकारांची चित्रे गुपचूप दाखवली, आणि पुढे त्यांनी, रंग खऱ्यासारखाच हवा असे नाही हे सांगणारे, निळ्या घोड्याचे पुस्तक केले. ते वाचल्यापासून ती नारिंगी पट्टी माझ्या मनातून जात नाही. आपण स्टुडिओत स्वतःसाठीही एक कागद घ्या. आपले हात गुंतले की मुलांच्या कागदाकडे लक्ष जात नाही.

बाकी थोडक्यात सांगतो. जपानमधली चित्रपुस्तकांची संग्रहालये पाहून कार्ल आणि त्यांच्या पत्नी बार्बरा यांना ही कल्पना सुचली आणि २००२ च्या नोव्हेंबरात हे संग्रहालय उघडले. मुख्य सभागृहात कार्ल यांची प्रचंड मोठी रंगीत भित्तिचित्रे आहेत. वाचनालयात मुले मांडीवर पुस्तक घेऊन हवा तितका वेळ बसू शकतात. आठ वर्षांचे मूल बहुधा तेथून उठणार नाही. दालनांतली चित्रे सतत बदलत असल्याने काय मांडले आहे आणि संग्रहालय उघडे आहे ना, हे आदल्या दिवशी पाहून घ्यावे. संपूर्ण भेटीला तीन तास पुरतात, त्यांतला निम्मा वेळ स्टुडिओसाठी राखावा.

आणि गाडीत दोन सपाट पुठ्ठे ठेवा. आमची चित्रे निघताना ओलीच होती. मागच्या सीटवर आईने ती बॉस्टनपर्यंत दोन्ही तळहातांवर धरून आणली.