शिरगणतीत आपली भाषा, आपला धर्म: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

माझी आई अहिराणी बोलायची, मी मात्र घरात मराठीच बोलते. मातृभाषा कुठली सांगू? अहिराणी सांगितली तर मराठीचा आकडा कमी होईल ना? (धुळे)

ताई, बिनधास्त अहिराणी सांगा. तुमची आई लहानपणी तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती तुमची मातृभाषा, जनगणनेची व्याख्याच तशी आहे, आणि आई लवकर गेली असेल तर तेव्हा घरात जी भाषा चालायची ती. आज तुम्ही काय बोलता ते इथे विचारतच नाहीत. शिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहायला जागा असते, तिथे मराठी सांगा. मराठीची काळजी नको, २०११ ला ८.३ कोटी लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली होती. अहिराणी खान्देशीखाली धरतात आणि खान्देशीचा आकडा मराठीपासून वेगळा छापतात, तो होता साधारण साडेअठरा लाख. फक्त एक करा, प्रगणक काय लिहितोय ते बघा, कारण घाईत न विचारताच मराठी लिहून मोकळं होणं सोपं असतं.

आम्ही तांड्यावर गोरमाटी बोलतो. ती हिंदीत मोजतात हे खरं का? (यवतमाळ)

खरंय, आणि मला ते अजिबात पटत नाही. होतं काय, की लोक जे सांगतात ते आहे तसं लिहून घेतात, २०११ मध्ये अशी १९,५६९ नावं जमली होती, मग स्पेलिंगचे फरक, गावांची-जातींची नावं वगैरे चाळून १,३६९ मातृभाषा उरल्या आणि त्या पुढे १२१ भाषांखाली घातल्या. हे शेवटचं घालणं ऑफिसात होतं, तुमच्या दारात नाही. हिंदीचे जे ५२.८ कोटी सांगतात ना, त्यात पाच कोटींवर भोजपुरीवाले आहेत, राजस्थानी आहे, छत्तीसगढी आहे आणि तुमची गोरमाटीसुद्धा, तिथे ती लमाणी/लंबाडी नावाने येते, बत्तीस लाखांहून जास्त. तसंच सिंधुदुर्गातली मालवणी कोकणीत जाते. पण मोठा आकडा बघून थांबू नका, मातृभाषांचा सविस्तर तक्ता उघडा, तिथे या ओळी वेगळ्या दिसतात. त्यातही बंजारी एक ओळ आणि लमाणी/लंबाडी दुसरी, म्हणजे एकाच समाजाची माणसं दोन नावांत वाटली गेली. तांड्यातांड्यांनी बसून एकच नाव ठरवलं तर पुढच्या वेळी खरी संख्या एका ओळीत दिसेल. दहा हजारांच्या आतल्या भाषांची तर १९७१ पासून नावंच छापत नाहीत, त्या मानाने तुम्ही पुष्कळ आहात.

धर्माच्या रकान्यातून इतिहास खरंच कळतो का? (नागपूर)

तुमच्याच शहराचं बघा. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ ला बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ ला २७.८९ लाख! मध्ये काय घडलं ते नागपूरकरांना सांगायला नको, १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी. तो आकडा वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, कारण लाखो माणसांनी दारात आलेल्या सरकारी माणसाला आपला नवा धर्म स्वतःच्या तोंडाने सांगितला. २०११ ला देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले होते. झारखंडच्या बाजूला सरना हा निसर्गपूजेचा धर्म मानणाऱ्या आदिवासींचंही तसंच. फॉर्मवर सहाच धर्मांना कोड होते, बाकीच्यांनी नाव लिहायचं, तरी ४९ लाखांवर लोकांनी सरना लिहवलं.

लोक खोटं सांगत असतील तर या आकड्यांना अर्थ काय? (पुणे)

कधीकधी सांगतात, आणि त्यातूनही पुष्कळ कळतं. १९५१ ला पंजाबात घरी पंजाबी बोलणारे कितीतरी हिंदू हिंदी सांगत होते, वाद इतका पेटला की शेवटी हिंदी, पंजाबी, पहाडी, उर्दू सगळं एकत्रच मोजलं. भाषा किती जण बोलतात ते त्यात कळलं नाही, तिथलं राजकारण मात्र कळलं.

या वेळी जात विचारणार का? सांगितलेलं बाहेर फुटेल का? (लातूर)

विचारणार. १९३१ नंतर सगळ्यांची जात जनगणनेत आलीच नव्हती, ती घ्यायचं एप्रिल २०२५ मध्ये ठरलं, आणि मोजणी १ मार्च २०२७ ही तारीख धरून होईल. १९४८ च्या कायद्याने तुमची वैयक्तिक नोंद गुप्त असते, ती कोर्टात पुरावा म्हणूनसुद्धा चालत नाही. तेव्हा आहे ते सांगा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांचं त्यांना सांगू द्या.