क्लोन की इमेज? डिस्कच्या नकलेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बॅकअप म्हणून दर महिन्याला लॅपटॉपची अख्खी डिस्क बाहेरच्या डिस्कवर क्लोन करायची आहे. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती बंद झाली. आता फुकटात काय वापरावं?

उत्तर : तुम्हाला क्लोन नको, इमेज हवी. क्लोन म्हणजे आजच्या डिस्कची हुबेहूब प्रत, आणि ती करताना बाहेरच्या डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. चुकून उडवलेली फाइल महिन्याभरानं आठवली, तर तोवर ती क्लोनमधूनही गेलेली असते. शिवाय नवा क्लोन अर्ध्यात असताना लॅपटॉपची डिस्क बसली, तर हाती ना जुना क्लोन ना नवा. इमेज ही दाबून लहान केलेली फाइल असते; एकाच डिस्कवर अशा अनेक तारखांच्या प्रती राहतात.

विंडोज चालू ठेवून इमेज घ्यायची तर वीम एजंटची मोफत आवृत्ती पुरते. पहिल्यांदा पूर्ण इमेज, नंतर फक्त बदललेला भाग. लॅपटॉप बंद करून, पेन ड्राइव्हवरून काम चालणार असेल तर रेस्क्यूझिला घ्या. इंजिन क्लोनझिला या मोफत क्लोनिंग साधनाच्याच जातीचं, पण समोर माउसनं चालणारा पडदा. वीम वापरलंत तर रिकव्हरी पेन ड्राइव्ह आजच बनवा आणि त्यावरून लॅपटॉप एकदा खरंच सुरू होतो का, ते बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि डिस्क गेल्यावर अडतात.

प्रश्न : १ टीबीची हार्ड डिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी बसवायची आहे. डेटा जेमतेम १८० जीबी. तरी क्लोनझिला ‘टार्गेट लहान आहे’ म्हणून थांबतं. असं का?

उत्तर : क्लोनझिला डेटा किती हे पाहून टार्गेट ठरवत नाही, ते विभागांच्या (पार्टिशनच्या) सीमा पाहतं. १ टीबीची डिस्क विंडोजला ९३१ जीबी दिसते, ५०० ची ४६५. सी ड्राइव्ह श्रिंक, म्हणजे लहान, करून ४०० जीबीवर आणलात तरी अनेक लॅपटॉपमध्ये रिकव्हरी विभाग डिस्कच्या शेवटाला असतो, म्हणजे ४६५ च्या पलीकडे. तो जीपार्टेड या विभाग हलवणाऱ्या साधनानं अलीकडे सरकवावा लागतो. त्यात विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट सी ड्राइव्ह हवा तितका श्रिंक करू देत नाही, कारण पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती) आणि हायबरनेशनची फाइल (बंद होताना मेमरीतलं काम साठवते ती) जागच्या हलत नाहीत. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. नाहीतर विंडोज पुरतं बंद होत नाही आणि क्लोनझिला त्या विभागाला हात लावायला कुरकुरतं.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एसएसडीच्या कंपनीचं साधन वापरा. सॅमसंगची एसएसडी असेल तर सॅमसंगचं डेटा मायग्रेशन; क्रुशल किंवा वेस्टर्न डिजिटलची असेल तर त्यांच्या ग्राहकांसाठीचं अॅक्रॉनिस. ही साधनं विभागांची मापं स्वतःच जुळवतात. अट एकच, त्या कंपनीची डिस्क लॅपटॉपला जोडलेली हवी. क्लोनझिला उत्तमच आहे, पण समान किंवा मोठ्या टार्गेटसाठी.

वेळेचा अंदाज: जुनी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० एमबी देते असं धरलं तर १८० जीबीला अर्धा तास. एसएसडीचं केसिंग यूएसबी २ च्या पोर्टला लावलंत तर दीड तास सहज.

प्रश्न : क्लोनिंग पूर्ण झालं, पण एसएसडीवरून विंडोज उघडत नाही.

उत्तर : पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची ओळख-सही एकच असल्यानं विंडोज एकीला ऑफलाइन करतं किंवा बूट मॅनेजर जुनीकडेच जातो. जुन्या साटा जोडणीच्या डिस्कवरून वेगवान एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीवर आला असाल आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी पाटी दिसत असेल, तर एकदा सेफ मोडमध्ये उघडा. ड्रायव्हर उचलला जातो आणि पुढच्या वेळी विंडोज बहुधा नीट सुरू होतं. रिकव्हरी की मागत असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप (एन्क्रिप्शन), चालू आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केल्यावर ते अनेकदा आपोआप सुरू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. की त्याच खात्यात सापडते. क्लोनच्या आधी बिटलॉकर पूर्ण बंद करून डिक्रिप्शन संपू द्या. नुसतं सस्पेंड केलंत तर डेटा एन्क्रिप्टेडच राहतो आणि क्लोनझिलाला वापरलेली-रिकामी जागा कळत नाही, म्हणून ते सगळीच्या सगळी डिस्क उतरवत बसतं.

प्रश्न : क्लोन दरवेळी ३७ टक्क्यांवर अडकतो. दुसरं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

उत्तर : सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, डिस्कच आजारी दिसते. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ (वाचता न आलेल्या जागांचा आकडा) बघा. तिथला कच्चा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर लॅपटॉप वापरणं थांबवा. डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं चेकडिस्क चालवू नका, ते त्याच डिस्कवर लिहितं.

सिस्टमरेस्क्यूच्या (पेन ड्राइव्हवरून चालणारी दुरुस्तीची लिनक्स) पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कमधून डेटा उतरवणारं साधन, वापरा. टार्गेट मूळ डिस्कएवढं किंवा मोठं हवं आणि मॅप फाइलसाठी (कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी) तिसरी जागा, वेगळा पेन ड्राइव्ह. पहिली फेरी ‘नो-स्क्रेप’ पर्यायानं करा, म्हणजे निरोगी भाग आधी हाती येतो. मग त्याच मॅप फाइलवर तीन रीट्राय देऊन दुसरी. वीज गेली तरी मॅप फाइलमुळे काम राहिल्या जागेपासून पुढे चालतं. आज्ञेत मूळ डिस्क आधी, टार्गेट नंतर. क्रम उलटला तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दोन्हींचे सीरियल नंबर कागदाशी ताडून पाहा. चेकडिस्क चालवायचंच तर शेवटी, टार्गेटवर. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. वीज तोडा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.