अभंगाची चाल बदलताना

प्रश्न (बीड जिल्ह्यातून) : गावच्या हरिनाम सप्ताहात तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान' मी स्वतः बांधलेल्या चालीत गायलो. महाराजांनी मध्येच थांबवलं, 'परंपरा मोडू नका' म्हणाले. संगीतकाराला एवढंही स्वातंत्र्य नाही का?

उत्तर : आहे. पण सप्ताहातली चाल एकट्या गाणाऱ्याची नसते, मागच्या टाळकऱ्यांना ती झेलता यावी लागते. आक्षेप पुष्कळदा या अडचणीतून येतो आणि बोलून दाखवताना परंपरेचा होतो. १७०६ साली जर्मनीत आर्नश्टाटच्या चर्चमंडळाने तिथल्या तरुण ऑर्गनवादकाला, पुढे थोर संगीतकार ठरलेल्या बाखला, हाच जाब विचारला होता : प्रार्थनागीताच्या साथीत अनोळखी सूर मिसळता, त्याने म्हणणारे लोक गोंधळतात.

तेव्हा आधी चाल तपासा. हा मोठा अभंग, अक्षरं ६-६-६-४. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात : 'विटेवरी', 'कटावरी'. तिथे सूर लांबवून शब्द तोडलात तर यमक कानावर पडत नाही आणि मागच्यांना उचल सापडत नाही. 'ठेवोनिया' ही चारच अक्षरं, म्हणून तिथे मात्रा मोकळ्या राहतात. नवे चालकार नेमकी तिथे तान भरतात, आणि टाळकरी तिथेच दम घेत असतात! ती जागा मोकळी सोडा. पट्टीही बघा. भजन पेटीच्या काळी चार-पाचमध्ये, म्हणजे मुळातच उंच पट्टीत, चाललं असेल तर तार सप्तकात रेंगाळणारी चाल दोन कडव्यांत सगळ्यांचे गळे बसवते. ठेका आठ मात्रांचा भजनीच ठेवा. 'तुका म्हणे' हे कडवं वेळेअभावीही गाळू नका; ती तुकोबांची नाममुद्रा आहे, तिथे महाराजांचा राग रास्तच ठरेल.

काकडा, हरिपाठ आणि भजनाच्या आरंभी विठ्ठलाच्या रूपवर्णनाचा म्हणतात तो रूपाचा अभंग यांच्या चालींना हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या असतात. नव्या चालीसाठी रात्रीचा हरिजागर बरा. आठ दिवस आधी विणेकरी, पखवाजी आणि दोन-तीन जुने टाळकरी यांना ऐकवा. त्यांना तिसऱ्या वेळी ध्रुवपद उचलता आलं नाही, तर चाल सभागृहासाठी ठेवा.

सभागृहात मात्र कुणाची परवानगी लागत नाही. संविधानाचं कलम २६ पंथाला आपल्या उपासनेची रीत ठरवू देतं. तुमच्या मैफलीवर हुकूम चालवण्याचा हक्क त्यातून येत नाही. 'भावना दुखावल्या' अशी धमकी आली तर घाबरू नका : भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. नवी चाल म्हणजे अपमान नव्हे. आपल्या पैठणच्या नाथांनी तर गोंधळ, जोगवा, वासुदेव अशा लोकांच्या तोंडच्या प्रकारांतून अध्यात्म सांगितलं. परंपरेचा हवाला द्यायचा तर हाही द्यावा.

प्रश्न (लातूरहून) : सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर अभंग बसवला. यूट्यूबवर टाकताच हक्काचा दावा आला. संतांचे शब्द सर्वांचे ना?

उत्तर : शब्द सर्वांचे, चाल नाही. संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क राहतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गायलात तर प्रताधिकार कायद्यात सूट आहे. ध्वनिमुद्रण करून प्रसारित करायला परवानगी लागते. व्हिडिओ यूट्यूबवरून काढून टाका आणि तोच अभंग स्वतःच्या चालीत बांधा.