टीयूएमला फी लागली म्हणून प्लॉट विकायचा का?

ताई नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बीई मेकॅनिकल, ७.८ सीजीपीए, बॅकलॉग नाही, सध्या कुपवाड एमआयडीसीत ट्रेनी आहे, संध्याकाळी जर्मनचा क्लास करून ए-२ (भाषेची दुसरी पायरी, पुढे बी-१, बी-२) पास झालाय. आणि तीन वर्षं तुम्ही घरीदारी सगळ्यांना सांगत आलात की आमचा म्युनिकला टीयूएम युनिव्हर्सिटीत एमएस करणार, तिथे फी नसते. आता एजंट म्हणतो चोवीस लाख फी आहे, तुमच्या भावाचा मुलगा २०२२ ला त्याच युनिव्हर्सिटीत गेला तो म्हणतो मी एक युरो फी भरली नाही, आणि मिस्टर म्हणतात विजयनगरचा प्लॉट काढू. खोटं कोण बोलतंय, असं विचारलंय तुम्ही.

कोणीच नाही. दोघंही खरं बोलतायत आणि सगळा घोळ त्यातूनच झालाय.

म्युनिक बव्हेरिया राज्यात येतं. त्या राज्याचा नवीन उच्च शिक्षण कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, त्याने तिथल्या युनिव्हर्सिट्यांना युरोपियन युनियनच्या बाहेरच्या पोरांकडून फी घ्यायची मोकळीक दिली. टेक्निकल युनिव्हर्सिटी ऑफ म्युनिक, म्हणजे आपली पोरं जिला टीयूएम म्हणतात, तिने ती लगेच वापरली. २०२४ च्या विंटर सेमिस्टरपासून नवीन येणाऱ्यांना बॅचलर्सला सेमिस्टरला २ ते ३ हजार युरो आणि मास्टर्सला ४ ते ६ हजार युरो. ही वर्षाची नाही, सहा महिन्यांची फी आहे, हे मिस्टरांना नीट सांगा, कारण निम्मे लोक तिथेच फसतात. जे आधीपासून शिकत होते त्यांना त्या कोर्सपुरती फी नाही, म्हणून तुमच्या भाच्याचं सगळं फुकटात झालं. त्याचा काही दोष नाही, त्याला फक्त नवीन नियम माहीत नाही, स्वतःला न लागलेला नियम कोण वाचतो.

म्हणजे एजंटचा आकडा बरोबर आहे: वरचा दर धरला तर ६ हजार गुणिले चार सेमिस्टर, २४ हजार युरो. हिशोबाला सोपं म्हणून युरो शंभर रुपये धरलाय, पैसे भरताना त्या दिवसाचा दर बघा.

पण एजंट एक गोष्ट बोलला नसणार. जर्मनीत मास्टर्स चार सेमिस्टरचं म्हणतात आणि खूप पोरांचं ते पाच-सहा सेमिस्टर चालतं, मध्ये इंटर्नशिप करतात, एखादा पेपर पुढे ढकलतात, थिसिस कंपनीत केला की तो लांबतो. आधी त्याचं कोणाला काही वाटायचं नाही, उलट शहाणी पोरं मुद्दाम लांबवायची कारण इंटर्नशिपनेच नोकरी लागते. आता टीयूएममध्ये ते एक जादा सेमिस्टर म्हणजे अजून ६ हजार. माझ्या मते फीपेक्षा हे जास्त वाईट आहे, पोरगं घाईघाईत डिग्री उरकायला बघणार आणि जे शिकायला गेलाय तेच सोडणार.

आता राहण्याचा खर्च. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे (२०२४ च्या सप्टेंबरपासून हा आकडा आहे, त्याआधी ११,२०८ होता). हे पैसे कोणाला द्यायचे नसतात, ते मुलाचेच, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात आणि तो त्यावर राहतो. तुमच्या पत्रात तुम्ही ही रक्कम फीमध्ये मिळवलीय, ती वेगळी ठेवा. दोन वर्षांचे झाले साधारण २४ लाख. म्हणजे टीयूएमचा एकूण हिशोब ४८ लाख आणि वर म्युनिक जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर, तिथे ९९२ मध्ये खोली आणि जेवण बसवणं अवघड आहे. मी ५२ धरेन.

तेच जर्मनीत दुसरीकडे? आखेन, ड्रेस्डेन, ब्राउनश्वाइग, हॅनोव्हर, डार्मस्टाट, बर्लिनची टीयू, सगळ्या सरकारी, सगळ्या इंजिनिअरिंगला नाव असलेल्या, आणि तिथे नेहमीच्या मास्टर्सला आजही ट्युशन फी नाही. सेमिस्टरला काहीशे युरो वर्गणी असते, बऱ्याच ठिकाणी त्यात बस-ट्रेनचा पासही येतो. म्हणजे राहण्याखाण्यासकट २५-२६ लाखात दोन वर्षं. स्टुटगार्ट आणि कार्ल्सरुह बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, तिथे २०१७ पासूनच आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो आहेत, म्हणजे त्यात ६ लाख वाढवा. कार कंपन्यांमध्ये जायचं असेल तर स्टुटगार्टचे ६ लाख मी देईन, मर्सिडीज-बॉश सगळं अंगणात आहे. म्युनिकचे २४ देताना मात्र मी दहादा विचार करेन.

एक सावधगिरी. युनिव्हर्सिटी फुकट म्हणजे तिचा प्रत्येक कोर्स फुकट असं नसतं. आखेनमध्येच काही इंग्रजी मास्टर्स त्यांच्या इंटरनॅशनल अकॅडमीतर्फे चालतात, त्यांना फी आहे, आणि नावं एवढी आकर्षक असतात की पोरं तिथेच क्लिक करतात. कोर्सच्या पानावर फीचा रकाना स्वतः उघडून बघायला सांगा, रँकिंगच्या व्हिडिओवर जाऊ नका.

आता मुलाला मिळेल का, हे तुम्ही विचारलं नाहीये पण खरा प्रश्न तोच आहे. जर्मन लोकांचे मार्क उलटे, १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास. तुमच्या मुलाचं काढून दाखवतो: दहातून ७.८ वजा केले, राहिले २.२. दहातून पासिंगचे ४ वजा केले, राहिले ६. २.२ ला ६ ने भागा, ३ ने गुणा, १.१ आलं, त्यात १ मिळवा. २.१ झाले. बऱ्याच कोर्सेसची रेषा २.५ च्या आसपास असते, तर हा आत आहे, पण फार आत नाही. (मार्कशीटच्या मागे किमान ग्रेड किती छापलीय ते बघा, ४ च्या जागी ५ असेल तर हेच २.३ होतं, तेवढ्याने काही कोर्स हातातून जातात.) टीयूएम नुसते मार्क बघत नाही, त्यांची दोन टप्प्यांची चाळणी असते, बीईला कुठले विषय किती तास शिकला ते त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळवून बघतात. ७.८ वर टीयूएम अशक्य नाही पण भरवशाचंही नाही. म्हणजे मिस्टर ज्या अ‍ॅडमिशनसाठी प्लॉट विकायला निघालेत ती अजून हातात आलेलीच नाही!

म्हणून माझं म्हणणं असं की टीयूएम यादीतून काढू नका, अर्ज टाकायला काय जातंय. टीयूएमने फीमाफीच्या स्कॉलरशिप ठेवल्यात, पूर्ण किंवा थोडी, मोजक्या असतात आणि चुरस मोठी असते. लागली तर जावं. नाही लागली आणि दुसरीकडे फुकटचा चांगला कोर्स हातात असेल तर तिकडे जावं, रडू नये. यादी सात-आठ कोर्सची करा, त्यात टीयूएम एक.

आणि तो एजंट. तुम्ही लिहिलंय की आता टीयूएमलाही फीच आहे तर आमच्या ओळखीच्या बर्लिनच्या प्रायव्हेट कॉलेजात बारा लाखात गॅरंटी अ‍ॅडमिशन घ्या असं तो म्हणाला. ताई, सरकारी युनिव्हर्सिट्या एजंटला कमिशन देत नाहीत, प्रायव्हेटवाल्या देतात, यापुढे मी काही बोलत नाही. त्याला एकच विचारा, ते कॉलेज तिथे सरकारमान्य आहे का, होखशूलकोम्पासमध्ये त्याचं नाव आहे का. होखशूलकोम्पास (Hochschulkompass) ही जर्मनीतल्या सरकारी आणि सरकारमान्य युनिव्हर्सिट्यांची यादी आहे, इंटरनेटवर कोणीही बघू शकतं. आणि प्रायव्हेटचे बारा लाख देऊनही ब्लॉक्ड अकाउंट लागणारच आहे.

कागदांचं आत्तापासून बघा. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे मुलाचे इथले शिक्षणाचे कागद खरे आहेत हा दाखला, २०२२ च्या नोव्हेंबरपासून आपल्याला व्हिसासाठी सक्तीचं आहे, १८ हजार रुपये लागतात आणि वेळही लागतो, कधीकधी इतका की तारीख निघून जाते. टीयूएमला वर यूनी-असिस्टकडून (परदेशी मुलांचे कागद तपासणारी तिकडची संस्था) व्हीपीडी नावाचा तपासणीचा कागद लागतो, त्याचे पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. तारखाही एकसारख्या नाहीत: आखेनला आपल्यासारख्यांना १ मार्च, टीयूएमच्या बहुतेक मास्टर्सना ३१ मे. मागच्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलाने सगळीकडे मे धरला आणि चांगले तीन कोर्स घालवले, आणि मला सांगतो जून महिन्यात.

पार्टटाइम कामावर फीचा हिशोब बसवू नका. परवानगी चांगली आहे, २०२४ च्या मार्चपासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, पण पहिल्या सहा महिन्यांत भाषा आणि परीक्षा यातच पोरगं दमतं. काम दुसऱ्या वर्षी धरा, तेसुद्धा खिशातलं म्हणून. मेकॅनिकलला कोर्स इंग्रजीत असला तरी शॉपफ्लोअरवर सगळे जर्मनच बोलतात, म्हणून निघायच्या आधी बी-१ झालं पाहिजे, डिग्री संपेपर्यंत बी-२. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ज्याला भाषा येते त्याला ते पुरतात. ट्रेनीच्या शिफ्टमुळे क्लास सोडायचं म्हणतोय ना? सोडू देऊ नका, शिफ्ट बदलून घ्यायला सांगा.

मिस्टरांना एवढंच सांगा की प्लॉट आत्ता बाजारात काढू नका. २५ लाखांचं कर्ज प्लॉट तारण ठेवूनही होतं, आणि घाईत विकणाऱ्याला सांगलीत काय भाव मिळतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शेवटी तुम्ही लाजत लाजत विचारलंय ते, कुकर न्यावा का. न्यावा की! तिकडे गॅस क्वचित, इलेक्ट्रिक शेगड्या असतात, तर सपाट बुडाचा, इंडक्शनला चालणारा तीन लिटरचा घ्या, आणि दोन रिंगा जास्तीच्या द्या, त्या तिथे पटकन मिळत नाहीत. होस्टेलच्या किचनमध्ये पहिली शिट्टी वाजायच्या आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवायला सांगा, नाहीतर दचकतात बिचारे.