पहाटेची फेरी आणि सासूबाईंचा दमा

प्रश्न : डॉक्टर, आम्ही द्वारका चौकाजवळ राहतो. सासूबाईंना दमा आहे. थंडी पडली की पहाटे फिरून आल्यावर खोकल्याची उबळ थांबत नाही. नाशिकची हवा तर चांगली म्हणतात ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हवेचं कौतुक जुनं झालं. केंद्राने 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या, हवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा खराब असलेल्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार, जड असते आणि वर उबदार थर बसतो. त्यामुळे गाड्यांचा धूर, रस्त्याची धूळ खालीच कोंडते. ऊन तापलं की तो थर मोडतो. तेव्हा त्यांना नऊनंतर, हमरस्ता सोडून आतल्या गल्लीने फिरू द्या.

सोसायटीत झाडलेला पाला जाळतात का, ते आधी बघा. ओलसर पाल्याचा तो पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर खिडकीच्या उंचीवरच रेंगाळतो. त्यातले पीएम 2.5 म्हणजे अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिस्स्याएवढे. ते फुप्फुसात खोल उतरतात, काही रक्तातही मिसळतात. दम्याइतकाच धोका हृदयालाही आहे. जाळणं बंद करायला लावा, भांडण झालं तरी चालेल. पाल्याचं खत होतं.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 हे धुराचे कडक निकष सक्तीचे झाले, डिझेलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर (दहा लाख भागांत 10) आलं. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच.

इन्हेलरची सवय लागते, या भीतीने तो बंद करू नका.