माझी १९ वर्षांची मुलगी मारहाण आणि प्रेम एकत्र दाखवणाऱ्या ‘न्यू अ‍ॅडल्ट’ कादंबऱ्या वाचते. तिला थांबवावे का?

प्रश्नाखाली तुम्ही जो तपशील दिला आहे, त्यातल्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहीत आहे. नायक नायिकेवर हात उगारतो ते पान तुम्ही मुलीला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “पण आई, त्याचं बालपण किती वाईट गेलंय.” वीस वर्षांची असताना मी हेच वाक्य एका खऱ्या मुलाबद्दल म्हणत होते, त्यामुळे ते वाचून मला स्वस्थ बसवले नाही.

२०१४ मध्ये मी पुण्यात वसतिगृहात राहून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होते. अ‍ॅना टॉड यांची ‘आफ्टर’ ही कथा आदल्या वर्षी वॉटपॅड या कथा लिहिण्या-वाचण्याच्या संकेतस्थळावर भागाभागाने आली होती आणि तिच्या वळणावर लिहिलेल्या असंख्य कथा आमच्या मजल्यावर मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होत्या. मी ज्या कथेत बुडाले होते तिचे नावही आता आठवत नाही, पण तिचा नायक पुरता आठवतो. तो संशयी होता, तापट होता, वस्तू फोडायचा, आणि दर चार भागांनी त्याच्या लहानपणीची एखादी जखम उघडी व्हायची. त्याच महिन्यांत माझ्या आयुष्यात एक मुलगा आला, ज्याचे वडील दारू पिऊन त्याला पट्ट्याने मारत असत. त्याने हे मला तिसऱ्याच भेटीत सांगितले आणि मला फार मोठा विश्वास मिळाल्यासारखे वाटले. कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, फोटो पाठव, ही त्याची मागणी त्यानंतर सुरू झाली, आणि तिलाही मी विश्वासाचाच भाग मानले.

डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नासाठी मी सांगलीला गेले होते. लग्नघरात दोन दिवस फोन पिशवीत पडून होता. परत आले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत कासाराने भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. बसमधून उतरल्यावर तो मला थांब्यामागच्या गल्लीत घेऊन गेला, फोन का उचलला नाहीस असे त्याने विचारले, आणि मी उत्तर देत असतानाच माझे मनगट धरून भिंतीवर दाबले. चार बांगड्या फुटल्या. काचेचा एक तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी बघतात तिथे, तिरका रुतून बसला होता. तो तुकडा त्यानेच नखाने काढला, स्वतःचा रुमाल बांधला, आणि मग तिथेच पायरीवर बसून वडिलांच्या पट्ट्याची गोष्ट पुन्हा सांगत हुंदके देऊन रडला. मी रुमाल बांधलेल्या हाताने त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्या रात्री मावशीचा फोन आला, तेव्हा मी तिला म्हटले, “मावशी, दोन-तीन बांगड्या वाढल्या गं प्रवासात.” बांगडी फुटली असे आमच्या घरात कुणी म्हणत नाही, त्यामुळे तिनेही पुढे काही विचारले नाही.

फोन ठेवून मी पांघरुणात कथेचा नवा भाग उघडला. नायकाने आरसा फोडला होता, नायिकेच्या पायाला काच लागली होती, आणि तो तिच्या मांडीवर डोके ठेवून रडत होता. मला त्या क्षणी भीती वाटली नाही. आपली निवड झाली आहे, एका दुखावलेल्या माणसाला बरे करण्याचे काम आपल्यावर सोपवले आहे, असे वाटले. तुमची मुलगी आज ज्या जागी उभी आहे ती हीच जागा असावी, असा माझा अंदाज आहे.

या कादंबऱ्यांत हिंसा दाखवली जाते म्हणून त्या वाईट, असे मला वाटत नाही. नायकाची जुनी जखम त्याचे माफीपत्र म्हणून वापरली जाते आणि नायिकेला त्याचे औषध केले जाते, तिथे माझा आक्षेप आहे. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांशी बोलून लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये एक चक्र मांडले होते : आधी ताण साचत जातो, मग उद्रेक होतो, मग पश्चात्ताप, भेटवस्तू आणि गोडवा येतो, आणि पुन्हा ताण साचू लागतो. माझ्या त्या कथेचे भाग याच क्रमाने येत असत. रोज नवा भाग द्यायचा असेल तर रोज भांडण लागते आणि रोज समेटही लागतो. फरक एवढाच की कादंबरी तिसऱ्या टप्प्यावर, गोडव्यावर संपवता येते, आणि माझ्या बाबतीत त्या गल्लीनंतर आणखी पाच महिने चक्र फिरत राहिले.

‘न्यू अ‍ॅडल्ट’ हे नाव २००९ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकी प्रकाशनाने एका स्पर्धेच्या निमित्ताने पुढे आणले. किशोरवय संपलेल्या, नुकत्याच घराबाहेर पडलेल्या वाचकांसाठी लेखन हवे, असा त्यामागचा विचार होता. पहिली नोकरी, पैशांची ओढाताण, आईवडिलांशी बदलणारे नाते, हे सगळे त्यात यायला हवे होते, पण बाजारात सर्वांत जोरात चालला तो जखमी नायकाचा प्रणय. तरीही सगळी पुस्तके एका गाठोड्यात बांधू नका. कॉलीन हूव्हर यांच्या ‘इट एन्ड्स विथ अस’ (२०१६) या कादंबरीतील नवऱ्याच्या हातून लहानपणी चुकून स्वतःचा भाऊ मारला गेलेला असतो. नायिकेला हे कळते, तिला त्याची कीव येते, तिचे त्याच्यावर प्रेमही असते, आणि तरीही मुलगी जन्मल्यावर ती घटस्फोट मागते. लेखिकेने ही गोष्ट आपल्या आईच्या आयुष्यावरून घेतल्याचे सांगितले आहे. त्या पुस्तकावर आधारित रंगभरणाची वही काढण्याचा बेत २०२३ मध्ये जाहीर झाला आणि टीका होताच मागे घ्यावा लागला; विकणाऱ्यांना आपण काय विकत आहोत याचे भान राहिले नव्हते, एवढेच मी त्याबद्दल म्हणेन. मला वीसाव्या वर्षी ते पुस्तक मिळाले असते तर बरे झाले असते, कारण कीव येणे आणि सोडून जाणे या दोन्ही गोष्टी एकाच बाईला एकाच वेळी करता येतात, हे मला तेव्हा कुणीही सांगितले नव्हते.

मला सोडवले ते माझ्या खोलीतल्या लातूरच्या मैत्रिणीने. तीही तीच कथा वाचत असे. एप्रिलमध्ये एका रात्री ती म्हणाली, “अगं, या पोरीला सुरुवातीला दोन मैत्रिणी होत्या, त्या कुठे गेल्या?” मी मागे जाऊन भाग चाळले, सोळाव्या भागानंतर त्या कुठेच नव्हत्या. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तू पण दिवाळीपासून आमच्याबरोबर मेसला जेवली नाहीस.” मे महिन्यात मी सांगलीला गेले आणि घरी सगळे सांगितले. मावशीचे पहिले वाक्य होते, “त्या मोबाइलमधल्या गोष्टींनी डोकं फिरवलं पोरीचं.”

या वाक्यावरून मावशीचा आणि माझा वाद आजही चालू आहे, आणि तुमच्या प्रश्नातही मला तेच वाक्य ऐकू आले, म्हणून स्पष्ट लिहिते. ज्या मामेबहिणीच्या लग्नाला मी गेले होते, तिचा नवरा ताटे भिरकावतो असे तिने वर्षभरात सांगितले, तेव्हा याच मावशीने तिला समजावले होते की त्याचे वडील लहानपणीच गेले, त्याला माया मिळाली नाही, तू सांभाळून घे, मूल झाले की सुधारेल. मावशीने आयुष्यात एकही इंग्रजी कादंबरी वाचलेली नाही. ‘लग्न झालं की सुधारेल’ हे आपल्या घरोघरी चालत आलेले कथानक आहे, आणि ते आधीच मनात मुरलेले होते म्हणूनच ती कथा मला इतकी खरी वाटली. मागच्या दिवाळीत मावशीने विचारले, “मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस?” मी म्हटले, “सांगितलं होतं. बांगड्या वाढल्या म्हणाले होते.”

तेव्हा पुस्तक हिसकावून घेऊ नका. ती मोबाइलवर वाचेल आणि तुमच्याशी त्याबद्दल बोलणार नाही. ते स्वतः पूर्ण वाचा, आणि नायिकेच्या मैत्रिणी, तिचा अभ्यास, तिचे पैसे शेवटच्या पानापर्यंत कुठे गेले, हे दोघी मिळून शोधा. पाठलाग करणारा नायक असेल, तर आपल्याकडे २०१३ पासून पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो, हे तिला सहज बोलता बोलता सांगा. मी समुपदेशक नाही, आणि अशा कथा वाचून काहीही न बिघडलेल्या कितीतरी जणी मला ठाऊक आहेत. काहींना तर स्वतःचे दुःख तिथेच पहिल्यांदा शब्दांत सापडते. पण ती पुस्तकातल्या मुलाबद्दल बोलता बोलता खऱ्या मुलाबद्दल बोलू लागली, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा, हे दोन्ही क्रमांक तिच्या फोनमध्ये असू द्या. आणि तुमच्या घरात कुणी एखाद्या भाचीला किंवा सुनेला ‘सांभाळून घे’ असे सांगत असेल, तर त्यांना तुमच्या मुलीच्या देखत थांबवा.