वाचकांचे प्रश्न : मांचुरियातील तेलाची मक्तेदारी

प्रश्न : चीनमध्ये सर्व राष्ट्रांना व्यापाराची समान संधी असावी, असा करार झालेला असतानाही जपानने ईशान्य चीनमधील मांचुरियात तेलाची मक्तेदारी कशी उभी केली? इतर राष्ट्रांनी ती रोखली का नाही?
— एक वाचक, सातारा

उत्तर : समान संधीची मागणी १८९९ची. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी ब्रिटन, जर्मनी, रशिया, फ्रान्स, इटली व जपान यांना पत्रे पाठवून, चीनमधील आपापल्या प्रभावक्षेत्रांत जकात, बंदरशुल्क आणि रेल्वेभाडे यांबाबत इतर देशांच्या व्यापाऱ्यांशी दुजाभाव करू नये, असे सुचवले. ज्याच्या भूमीविषयी हा पत्रव्यवहार चालला होता, त्या चीनचे मत मात्र कोणी विचारले नाही, आणि हा अन्याय विसरून या धोरणाची थोरवी सांगणे मला योग्य वाटत नाही.

मक्तेदारीला स्पष्ट मज्जाव केला तो ६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टनमध्ये झालेल्या नऊ राष्ट्रांच्या कराराने. इतरांना रास्त व्यापारापासून वंचित करील अशी मक्तेदारी चीनमध्ये कोणीही मिळवू नये, असे त्याचे तिसरे कलम सांगते. जपाननेही त्यावर सही केली होती. परंतु कराराचा भंग झाल्यास काय करायचे, याबाबत सातव्या कलमात मोकळेपणाने विचारविनिमय करण्यापलीकडे काहीच नव्हते.

सप्टेंबर १९३१ पासून जपानी सैन्याने मांचुरिया व्यापला आणि मार्च १९३२ मध्ये तेथे मांचुकुओ हे नामधारी राज्य स्थापन केले. १९३४ मध्ये दक्षिण मांचुरिया रेल्वे ही जपानी कंपनी आणि जपानी तेल कंपन्या यांच्या भांडवलावर मांचुरिया पेट्रोलियम कंपनी निघाली, डायरेन (आजचे दालियान) या बंदरात तिचा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला, आणि त्याच वर्षी जाहीर झालेला मांचुकुओचा तेल-मक्तेदारीचा कायदा एप्रिल १९३५ मध्ये अमलात आला. वर्षानुवर्षे तेथे रॉकेल व पेट्रोल विकणाऱ्या अमेरिकन आणि ब्रिटिश-डच कंपन्यांना अखेर गाशा गुंडाळावा लागला.

अमेरिका, ब्रिटन व नेदरलँड्स यांनी टोकियोकडे निषेध नोंदवला. त्यावर जपानने दिलेले उत्तर धूर्त होते : मांचुकुओ स्वतंत्र आहे, तेव्हा तक्रार तिकडेच करा. पण तिकडे तक्रार करणे म्हणजे त्या राज्याला मान्यता दिल्यासारखे झाले असते, आणि मान्यता न देण्याची भूमिका अमेरिकेने जानेवारी १९३२ मध्येच जाहीर केली होती. शिवाय हा कायदा जपानी व्यापाऱ्यांनाही लागू असल्याने कोणावरही अन्याय होत नाही, असाही युक्तिवाद झाला. कंपनीचे भागधारक कोण, हे पाहिले की त्यातील पोकळपणा उघड होतो.

मान्यता नाकारणे तत्त्वतः योग्यच होते, पण त्यामागे आर्थिक दबाव उभा राहिला नाही. डायरेनचा कारखाना बाहेरून येणाऱ्या कच्च्या तेलावर चालत होता. ते तेल रोखण्याची कल्पना तेल कंपन्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या चर्चेत आली, तरी सरकारांनी तिच्यामागे बळ उभे केले नाही. जपानशी असलेला व्यापारी करार संपुष्टात आणण्याची नोटीस अमेरिकेने जुलै १९३९ मध्ये दिली, तोवर जपानी सैन्य चीनमध्ये खोलवर पोहोचले होते.